येऊ दे

या शहरात एखाद्या साधूला गाडी चालवायला बसवा, आठवडाभरात तो शिव्या द्यायला लागेल. मी तर साधू कधीच नव्हतो. बायको मला भोंगा म्हणते. गाडीचा हॉर्न बिघडला तरी ह्यांचं काही अडायचं नाही, असं चारचौघांत सांगते आणि वर हसते. तिला हसायला काय जातंय! ती चालत कामाला जाते, वेळेवर पोचते आणि चालत परत येते. मी काचा वाहतो. भिंतीएवढी काच डोक्यावर घेऊन चालत जाता येत नाही.

त्या दिवशी तर सकाळपासून रस्ता माझ्या वाईटावर टपला होता. मोठ्या पुलावर चढलो आणि तिथेच अडकलो. पुढे बस. बसच्या पाठीवर गादीची जाहिरात, त्यात एक जोडपं गाढ झोपलेलं. त्या झोपलेल्या जोडप्याकडे बघत मी क्लच दाबत होतो, सोडत होतो, दाबत होतो. डाव्या रांगेत घुसलो की उजवी सरकायची, उजवीत आलो की डावी. मोटारसायकलवाले आरशाला कोपर मारून जायचे आणि वर माझ्याकडेच डोळे वटारून बघायचे. चोर तो चोर वर शिरजोर.

"हॉर्न वाजवून पूल रुंद होणार आहे का?" शेजारी बसलेला दादा म्हणाला.

"तू गप बस. तुला काय, तू बसलायस."

"तू पण बसलायस," दादा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

दादा माझा मोठा भाऊ. धंदा दोघांचा. तो मापं घेतो, काच कापतो, गिऱ्हाइकांशी गोड बोलतो. मी गाडी चालवतो आणि गिऱ्हाइकांशी बोलत नाही, कारण मला तशी बंदी आहे. त्या दिवशी मागे तिरक्या लाकडी सांगाड्यावर, ज्याला आम्ही घोडी म्हणतो, नाचाच्या एका क्लासचा भिंतभर आरसा उभा बांधलेला होता. मी आदल्या रात्रीच सांगितलं होतं की आज काम नको. पण दादाने क्लासच्या बाईंना शब्द दिलेला. "वाटेतच आहे रे. आरसा उतरवू आणि तसेच हॉस्पिटलला जाऊ." दादाच्या वाटेत सगळं जग असतं.

हॉस्पिटलमध्ये आप्पा होते, आमचे वडील. दुपारी त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टर म्हणाले होते, "वय बघता, आत घ्यायच्या आधी सगळ्यांनी भेटून घ्या." ते 'भेटून घ्या' त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज माझ्या डोक्यातून जात नव्हता. वहिनी सकाळपासून आप्पांपाशी होती. मला दुसरं काही नको होतं. आप्पांना आत नेण्याआधी मला तिथे असायचं होतं, त्यांच्या खाटेशी, त्यांचा हात धरून. आणि तिथे मीच असायचं होतं, ती बाई नव्हे.

ती बाई म्हणजे आमची ताई. दादाच्या पाठची, माझ्या आधीची. लायसन देतात त्या ऑफिसात नोकरीला आहे. आप्पांनी आयुष्यभर टेम्पो चालवला. काचेचा टेम्पो, आणि एकदाही तडा जाऊ दिला नाही. म्हातारपणी लायसनची मुदत संपली म्हणून ते डोळे तपासायला गेले. नजर अधू झालेली त्यांना ठाऊक होती. म्हणून त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं आधीच पाठ करून ठेवली होती, वरपासून खालपर्यंत, शाळेतल्या कवितेसारखी. टेबलामागे ताई होती. आप्पांनी घडाघडा म्हणून दाखवलं. ताईने ऐकून घेतलं, उठली, तक्ता उलटा केला आणि मागच्या बाजूची अक्षरं वाचायला सांगितली.

पोटच्या पोरीने! दुसरा कुणी असता तर म्हातारा माणूस म्हणून शिक्का मारून मोकळा झाला असता. आप्पा घरी आले, टेम्पोची किल्ली खुंटीला लावली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्याच संध्याकाळी ताई समजूत घालायला आली. मी दारातच उभा राहिलो आणि सांगितलं की या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही. शेजारपाजार गोळा झाला इतक्या मोठ्याने सांगितलं. ती गेली ती गेली. मला आजही वाटतं, बरोबर केलं. बापाची बाजू पोरांनी नाही घ्यायची तर कुणी घ्यायची?

पुलावरून उतरलो तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता. क्लासची गल्ली म्हणजे एका गाडीची गल्ली. दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या गाड्या, मध्ये जेमतेम टेम्पोपुरती फट. क्लासच्या फाटकातून आत अंगणात टेम्पो उलटा घालायचा होता. दादा उतरला आणि मागे गेला.

आता इथे आमची रीत सांगायला हवी. काच लादली की मागचं काही दिसत नाही. बाजूच्या आरशात दिसते ती काच, आणि काचेत दिसतं आकाश. म्हणून आप्पांनी आम्हाला घालून दिलेला नियम होता: मागे घेताना आरशात बघायचंच नाही. मागे उभा असलेला माणूस सांगेल ते ऐकायचं. 'येऊ दे' म्हटलं की यायचं, 'बस' म्हटलं की जिथल्या तिथे थांबायचं. त्यात आपली अक्कल घालायची नाही. शंका घेतली की पाय अडखळतो आणि पाय अडखळला की काच जाते. मी इतकी वर्षं तसाच मागे जात आलो. दादाशी भांडण असो, अबोला असो, मागे जाताना त्याचा शब्द मी मोडला नाही.

"येऊ दे, येऊ दे," दादा म्हणाला. मी आलो. "येऊ दे... बस." थांबलो.

तेवढ्यात गल्लीत समोरून एक करडी मोटार घुसली आणि माझ्या नाकाला नाक लावून उभी राहिली. लगेच हॉर्न. तिच्या मागे आणखी दोन, त्यांचे हॉर्न. मी निम्मा फाटकात, निम्मा गल्लीत. डोकं सणकलं. खिडकीतून तोंड काढून मी त्या करड्या मोटारवाल्याच्या सात पिढ्यांची विचारपूस सुरू केली. त्याने हात जोडल्यासारखं केलं आणि पुन्हा हॉर्न दाबला.

मागून दादाचा आवाज आला. मोठा, मोकळा. "येऊ दे! येऊ दे, बिनधास्त येऊ दे, काही होत नाही!"

मी आलो. बिनधास्त आलो.

आधी धक्का बसला. मग क्षणभर काहीच नाही. मग भिंतभर आरसा खाली बसला. तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, कारण आमच्या टेम्पोतून तो कधी आलाच नव्हता. हॉर्नसुद्धा बंद झाले.

उतरून मागे गेलो. टेम्पो फाटकाच्या खांबाला भिडला होता. घोडी रिकामी, पट्टे लोंबत होते, आणि सगळ्या अंगणभर आभाळाचे तुकडे पडले होते. दादा बाजूला उभा होता. त्याच्या कानाला फोन होता.

"तू 'येऊ दे' म्हणालास," मी म्हणालो.

"तुला नाही म्हणालो!"

"मग कुणाला?"

दादाने फोन खिशात घातला. तोपर्यंत करडी मोटारवाला तिथे पोचला होता. गोरापान, इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ली फिरवत. त्याने काचांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "एवढा मोठा आरसा घेऊन फिरता, जरा त्यातच बघायचं ना मागे!"

मागच्या गाड्यांतून उतरलेली माणसं हसली. वरच्या गॅलरीतून नाचाच्या क्लासच्या बाई खाली बघत होत्या, त्यांच्यामागे कुणी तरी फिसकन हसलं. मी त्या मोटारवाल्याची कॉलर धरणार होतो. दादा मध्ये पडला, त्याला मागे सरकवलं आणि मला टेम्पोच्या आडोशाला ओढलं.

"कुणाला म्हणालास?" मी पुन्हा विचारलं.

"तुझ्या वहिनीचा फोन होता." दादा माझ्याकडे बघत नव्हता. "ताई हॉस्पिटलच्या खाली येऊन उभी आहे. वर येऊ देऊ का, विचारत होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आप्पांशी बोलत असता तर दादा 'येऊ द्या' म्हणाला असता आणि मी जागचा हललो नसतो. घरात दादा अहोजाहो करतो ते फक्त आप्पांना. पण फोनवर होती बायको, म्हणून 'येऊ दे'. तेवढ्या एका अक्षरात सगळा आरसा गेला.

"तू कोण तिला वर सोडणारा?" मी ओरडलो. "ज्या बाईने आप्पांना घरी बसवलं, तिला आज त्यांच्यासमोर उभी करतोस? ऑपरेशनच्या दिवशी? आप्पांना काय वाटेल याचा विचार केलास?"

"आप्पांनीच बोलावलंय तिला."

"थापा मारू नकोस."

"काल फोन करायला लावला त्यांनी मला. म्हणाले, तिला बघायचंय." दादाचा आवाज चढला. तो चढत नाही सहसा. "आणि काल पहिल्यांदा नाही. कधीपासून मागे लागलेत. त्यांचा राग आठ दिवसांत गेला होता रे. म्हणायचे, पोरीने बरोबर केलं, मी कुणाला तरी चिरडलं असतं. पण बोलवायची टाप नव्हती त्यांची."

"टाप का नव्हती? घर त्यांचं आहे."

"तुझ्यामुळे! तू घर डोक्यावर घेशील म्हणून. घाबरतात ते तुला. आत्ताही तुझ्या वहिनीला काय विचारत होते माहितीये? 'धाकटा पोचायच्या आत ती भेटून जाईल ना?' असं."

खोटं, असं मनात म्हणालो. आप्पा मला घाबरतात? मी त्यांच्या बाजूने भांडलो. त्यांच्यासाठी मी बहीण तोडली. त्यांचा माणूस मी होतो, दादा नव्हे. दादा तर नेहमीचाच मुळमुळीत, दोन्ही डगरींवर हात ठेवणारा. मला रडू येत होतं की कुणाला मारावंसं वाटत होतं, ते मला सांगता येणार नाही. रडता येत नव्हतं. मारायला समोर एक माणूस होता.

करडी मोटारवाला पुन्हा गाडीत जाऊन बसला होता आणि हॉर्न देत होता. मी टेम्पोत चढलो आणि पुढे घेतला, त्याच्या बंपरपासून वीतभर अंतरावर.

"घ्या मागे!" मी म्हटलं.

"तुम्ही घ्या. तुमच्या मागे अख्खं अंगण रिकामं आहे. माझ्या मागे गाड्या आहेत."

त्याचं म्हणणं खरं होतं. दादा खिडकीशी आला. "अरे, तो बरोबर बोलतोय. अंगणात घे, त्याला जाऊ दे, मग आपण निघू. आप्पांना नेतील रे."

"अंगणात काचा आहेत. टायर फाटतील."

"मी बाजूला करतो काचा."

"तो मागे जाईल. चूक त्याची आहे."

"चूक कुणाची का असेना!"

मी इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात घातली. समोरच्यानेही इंजिन बंद केलं आणि फोन काढून बघत बसला. त्याच्या मागच्यांनी हॉर्नचा नुसता कल्लोळ मांडला. दादाने खिडकीतून हात घालून सीटवरची त्याची पिशवी उचलली.

"कुठे निघालास?"

"चालत जातो. मेट्रो मिळाली तर मेट्रोने. तू बस, तुझं भांडण उरक."

"दादा!"

तो गेला. गाड्यांच्या फटीतून आडवा होत, पिशवी डोक्यावर धरून. एकदाही मागे बघितलं नाही. मला वाटलं, जाईल आणि कोपऱ्यावरून परत येईल. नाही आला.

मी बसलो. काय करणार, आता उतरून माघार घेतली असती तर तो किल्ली फिरवणारा जन्मभर चारचौघांत गोष्ट सांगत राहिला असता. ऊन काचेतून मांडीवर आलं. वरून क्लासच्या बाई ओरडत होत्या की मुलं अनवाणी असतात, अंगण कोण झाडणार? मी त्यांना सांगितलं की नाचायचं बंद करा काही दिवस. आप्पा मला घाबरतात. हे वाक्य डोक्यात घुसलं की मी हॉर्न दाबायचो, म्हणजे ते ऐकू यायचं नाही.

शेवटी मागच्या गाड्यांनाच कंटाळा आला. एकेक करत त्या मागे हटल्या, गल्लीच्या तोंडापर्यंत वाट झाली. आता करड्या मोटारवाल्याकडे कारण उरलं नाही. त्याने फोन ठेवला आणि गाडी मागे घेतली, सावकाश, माझ्याकडे न बघता. मी जिंकलो. बाजूला वळून काही तरी बोलणार होतो, तर सीट रिकामी होती.

तिथून हॉस्पिटल लांब नव्हतं. पण या शहरात लांब-जवळ असं काही नसतं. एका चौकात सिग्नल हिरवा व्हायचा, लाल व्हायचा, पुन्हा हिरवा व्हायचा, आणि आम्ही सगळे तिथेच. आडवे घुसलेले, उलटे घुसलेले, एकमेकांच्या दारात नाक खुपसून बसलेले. मध्ये एक पोलीस शिट्टी वाजवत होता आणि त्याची शिट्टी त्यालाही पटत नसावी. मागे घोडीच्या फटीत अडकलेले काचेचे तुकडे प्रत्येक ब्रेकला खुळखुळत होते. मी सगळ्यांना शिव्या दिल्या. बसवाल्याला, मोटारसायकलवाल्याला, पोलिसाला, हा रस्ता ज्याने आखला त्याला, लायसन देणाऱ्या ऑफिसाला. दादाला फोन लावला, त्याने उचलला नाही. वहिनीला लावला, तिने उचलला आणि फक्त म्हणाली, "भावजी, लवकर या." त्यानंतर मी शिव्या दिल्या नाहीत. दात दाबून धरले आणि पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत राहिलो.

हॉस्पिटलात गाडी लावायला जागा नव्हती. मी टेम्पो फुटपाथवर चढवला. पहारेकरी धावत आला, त्याच्या अंगावर किल्ली फेकली आणि जिन्याकडे पळालो. लिफ्टसमोरही रांग होती. या गावात रांग लावल्याशिवाय मरताही येत नसेल. वरच्या मजल्यावर पोचलो तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती.

दोन फळ्यांचं दार बंद होतं. वर लाल दिवा. दारासमोरच्या बाकावर वहिनी बसली होती. दादा खिडकीशी उभा होता, त्याच्या पायांतल्या चपला धुळीने माखल्या होत्या. बाकाच्या टोकाला ताई होती.

"आप्पा?" मी दादाला विचारलं.

"आत नेलं."

"मी येतोय म्हणून सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. त्यांनीही डॉक्टरांना थांबवलं थोडा वेळ. किती थांबणार?"

मी दाराकडे गेलो. दाराच्या काचेतून आतलं काही दिसू नये म्हणून तिला पांढरा रंग दिलेला होता. आमच्या हातची नव्हती ती काच, कडा वेड्यावाकड्या कापलेल्या होत्या. तिच्यावर हात ठेवला. मग वळलो.

ताईचे समोरचे केस पांढरे झाले होते. तिच्या मांडीवर एक प्लास्टिकची डबी होती आणि डबीत आप्पांची कवळी होती. आप्पांचे दात तोंडाबाहेर मी कधी पाहिले नव्हते. घरात कुणीच नाही. ते न्हाणीघराचं दार लावून कवळी धुवायचे. आई आजारी होती तेव्हाही तिच्यासमोर त्यांनी कधी दात काढले नाहीत. आणि आज ते त्यांनी काढून हिच्या हातात दिले होते.

ती उठून उभी राहिली. डबी तिने तशीच धरली होती, पाणी हिंदकळू नये म्हणून.

"धाकट्या, एक सांगायचंय," ती म्हणाली. "मी आपणहून आले. आप्पांनी मला बोलावलं नव्हतं. त्यांना ठाऊकही नव्हतं मी येणार ते. तू त्यांच्यावर चिडू नकोस."

हे तिने एका दमात सांगितलं, खाली बघत. तिला खोटं बोलता येत नाही. येत असतं तर आप्पांना तेव्हाच लायसन मिळालं असतं आणि हे काहीच घडलं नसतं. हे खोटं तिचं नव्हतं. आत जाता जाता, दात काढून ठेवल्यावर, बोळक्या तोंडाने आप्पांनी ते तिच्याकडून घोकून घेतलं होतं. छाती उघडायच्या आधी माणसाच्या मनात काय काय येत असेल. बायको येत असेल, देव येत असेल. आमच्या आप्पांच्या मनात मी आलो, आणि ते मला घाबरून आत गेले.

दादाने मान वळवली नव्हती, पण तो ऐकत होता. त्याला ठाऊक होतं की मला खरं काय ते ठाऊक आहे, कारण त्यानेच ते मला सांगितलं होतं. वहिनीने पदर मुठीत धरला होता. तिघंही वाट बघत होती.

"बरं," मी म्हणालो.

तिघांनी एकदम श्वास सोडला. त्या बंद दारासमोर तो मला स्पष्ट ऐकू आला.